चौदाशे ग्राहकांना चित्रप्रदर्शनाचे निमंत्रण

वाचकाचे पत्र : सदाशिव पेठेत आमचे फ्रेमिंगचे दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केले, आता मी पाहते. दुकानाच्या वरच्या मजल्यावरील हॉलमध्ये २७ ते २९ नोव्हेंबर, शुक्रवार ते रविवार, एका चित्रकर्तीच्या जलरंगचित्रांचे प्रदर्शन भरवणार आहे. पेठांमधल्या जुन्या वाड्यांची चित्रे आहेत. बिलबुकांतून उतरवलेले सुमारे १,४०० ग्राहकांचे ईमेल पत्ते माझ्याकडे एक्सेलमध्ये आहेत. गेल्या वेळी दुकानातल्या मुलाने त्यातले चारशे पत्ते एकाच ईमेलच्या ‘टू’मध्ये टाकले. मग दोन दिवस ‘मला यातून काढा’ अशी उत्तरे सगळ्यांची सगळ्यांना जात राहिली आणि प्रदर्शनाला मोजकीच माणसे आली. भाचा म्हणतो, पुण्यातल्या ‘उच्च उत्पन्न गटा’च्या २०,००० पत्त्यांची यादी विकत मिळते, ती घेऊ. चित्रकर्तीही स्वतःची यादी द्यायला तयार आहे. असे एकगठ्ठा ईमेल पाठवणे योग्य आहे का? असल्यास कसे पाठवावे? की सरळ व्हॉट्सॲपच करावे?

उत्तर :

भाच्याने सुचवलेल्या यादीचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी निकालात काढू. ती यादी घेऊ नका. तिच्यातल्या एकाही माणसाने आपल्याला पत्ता दिलेला नाही, हे एक कारण पुरेसे आहे. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून ईमेल पाठवणाऱ्यांसाठी जे नियम लागू केले, त्यांनुसार आपले पत्र ‘स्पॅम’ म्हणून कळवणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत पोहोचता कामा नये आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत राहावे, अशी अपेक्षा आहे. ०.३ टक्के म्हणजे हजारात तिघे. वीस हजार अनोळखी माणसांना पेठेतल्या एका हॉलमधील प्रदर्शनाचे निमंत्रण गेले, तर त्यांतल्या साठ जणांनी ते बटण दाबणे मुळीच अवघड नाही, आणि त्यानंतर त्याच पत्त्यावरून एखाद्या जुन्या ग्राहकाला आपण ‘आपली फ्रेम तयार आहे, घेऊन जावी’ असे कळवलेत, तर तेही स्पॅमच्या खणात पडू लागेल. प्रदर्शन तीन दिवसांचे आहे, दुकान बारा महिन्यांचे. शिवाय अशा याद्यांमध्ये वर्षानुवर्षे कोणी उघडलेले नाहीत असे पत्ते भरपूर असतात आणि त्यांतले काही स्पॅम पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठीच चालू ठेवलेले असतात. पैसे देऊन सापळ्यात पाय घालण्याचे काही कारण नाही.

आता आपल्या स्वतःच्या १,४०० पत्त्यांकडे येऊ, कारण खरा विचार येथेच करावा लागणार आहे. हे पत्ते ग्राहकांनी दिले ते फ्रेम तयार झाल्याचे कळावे म्हणून. त्या कारणाबाहेर जाऊन एक निमंत्रण पाठवणे हा गुन्हा नाही, परंतु तो हक्कही नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील अशी तरतूद आहे. म्हणजे आपले प्रदर्शन त्याआधीच पार पडेल. तरीही त्या कायद्याचा गाभा आजच पाळण्यासारखा आहे. माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरावी, दुसऱ्या कामासाठी वापरायची तर स्पष्टपणे विचारावे, आणि दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे. आजपासूनच बिल करताना ‘प्रदर्शनांची निमंत्रणे पाठवली तर चालतील का?’ असे तोंडी विचारा आणि होकार असेल तरच बिलावर खूण करा. पुढच्या वर्षीची यादी अशी आपोआप तयार होईल.

परंतु या नोव्हेंबरचे काय? माझा सल्ला असा, की एक्सेलची ती यादी तशीच न वापरता बिलबुके पुन्हा एकदा समोर घेऊन बसा. आपल्या धंद्याला एक असा लाभ आहे जो कपड्याच्या किंवा मिठाईच्या दुकानाला नाही : बिलावर कामाचे वर्णन लिहिलेले असते. ‘फोटो १२ × १८, साधी काळी पट्टी’ असे ज्याच्या बिलावर आहे, त्याने बहुधा आजोबांचा किंवा मुलीचा पदवी घेतानाचा फोटो आणला होता. त्याचे काम झाले आणि तो गेला. ‘जलरंग, तीन इंची पांढरा माउंट, नॉन-रिफ्लेक्टिव्ह काच’ असे ज्याच्या बिलावर आहे, त्याच्या घरात मूळ चित्र आहे, आणि त्याला माउंटसाठी, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या किनारीसाठी, व चांगल्या काचेसाठी जादा पैसे मोजावेसे वाटले. प्रदर्शनाचे निमंत्रण मुख्यतः या दुसऱ्या माणसासाठी आहे. एक्सेलमध्ये ‘काय फ्रेम केले’ आणि ‘शेवटचे कधी आले’ असे दोन नवे रकाने घाला आणि घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन चार संध्याकाळी ते भरून काढा. हे काम कंटाळवाणे आहे याबद्दल दुमत नाही. परंतु ते केल्यावर चौदाशेतून कदाचित शंभर-सव्वाशे नावे अशी निघतील, की ज्यांना आपण मजकुरात एकेक वाक्य बदलून, नावानिशी, स्वतः पत्र लिहू शकाल. प्रदर्शनाला येणारी आणि विकत घेणारी बहुतेक माणसे याच नावांमधून येतील, असे मला वाटते.

त्यांच्या पत्रात ते एक वाक्य असावे : ‘आपण आमच्याकडे शनिवारवाड्याचे जुने जलरंगचित्र रुंद माउंट लावून फ्रेम करून घेतले होते, या प्रदर्शनात त्याच परिसरातील वाड्यांची चित्रे आहेत, म्हणून आपल्याला आवर्जून कळवत आहे.’ एवढे पुरते. पुढे कौतुकाची विशेषणे जोडू नका. ज्याचे चित्र आपण हाताळले आहे त्याला ते आपल्या लक्षात आहे हे कळले, की तो पत्र वाचतो.

दुसरा गट आपल्या मागच्या प्रदर्शनांना आलेल्यांचा. हॉलच्या दाराशी अभिप्रायवही ठेवली असेलच. तिच्यात ज्यांनी आपणहून ईमेल लिहिला, त्यांनी तो पुढच्या निमंत्रणासाठीच लिहिला, असे धरायला हरकत नाही. ही नावे बिलबुकाच्या यादीत मिसळू नका, वेगळ्या पानावर ठेवा. मागच्या खेपेला ज्यांनी ‘मला यातून काढा’ असे उत्तर पाठवले, ती सर्व उत्तरे शोधून त्यांचे पत्ते ‘पाठवू नये’ अशा तिसऱ्या पानावर न्या. यादीतून नुसते पुसले, तर पुढच्या वर्षी कोणीतरी जुन्या बिलबुकातून ते पुन्हा उतरवील. म्हणून ते पान जपून ठेवायचे असते.

उरलेल्यांपैकी पाच-सहा वर्षांत फिरकलेच नाहीत त्यांना सोडून द्या. ज्यांच्या पत्त्याच्या शेवटी व्हीएसएनएल (जुनी सरकारी इंटरनेट सेवा) आहे, त्यांना तर पाठवण्यात फारसा अर्थ नाही. त्यांतले बरेच पत्ते आता बंद असण्याची शक्यता आहे, आणि बंद पत्त्यांवरून परत आलेली पत्रे मोठ्या संख्येने दिसली की पाठवणाऱ्यावरचा विश्वास मेल सेवा कमी करते. राहिलेल्यांना एक, फक्त एक, छोटे पत्र पाठवा आणि त्यात पत्ता आपल्याकडे कसा आला हे पहिल्याच वाक्यात सांगा. मी त्याचा मसुदा असा करीन :

‘नमस्कार. आपण आमच्या दुकानातून फ्रेम करून घेतली होती, त्या बिलावरून आपला पत्ता आमच्याकडे आहे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या जलरंगचित्रांचे प्रदर्शन भरत आहे. शुक्रवार २७ ते रविवार २९ नोव्हेंबर, सकाळी ११ ते रात्री ८. चित्रकर्ती रोज सायंकाळी पाचनंतर भेटतील. प्रवेश विनामूल्य आहे. अशी निमंत्रणे नको असतील, तर या पत्राला फक्त “नको” असे उत्तर द्यावे; पुन्हा पाठवणार नाही.’

खाली आपले नाव, दुकानाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय देणे सक्तीचे आहे. आपल्याला ती सक्ती नाही, पण ‘नको’ म्हणण्याची वाट नसलेले पत्र मिळाले, की माणूस हाताशी असलेले स्पॅमचे बटण दाबतो.

चित्रकर्तीची यादी घेऊ नका. त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु त्यांच्या ग्राहकांनी पत्ता त्यांना दिला आहे, आपल्याला नाही. त्यांनी आपले निमंत्रण स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या शब्दांत पाठवावे, हे सर्वांत सरळ आहे, आणि परिणामकारकही. ज्याच्या दिवाणखान्यात त्यांचे चित्र आहे, तो त्यांचे पत्र उघडेल, अनोळखी फ्रेमिंगच्या दुकानाचे उघडीलच असे नाही. आणखी एक बाजू आहे, जी चित्रकार सहसा बोलून दाखवत नाहीत : ग्राहकांची यादी ही त्यांची वर्षानुवर्षांची कमाई असते आणि ती एका कलादालनाला दिली, की पुढचे प्रदर्शन दुसऱ्याचे असते व यादी मात्र तेथेच राहते. दोघांच्या याद्यांतली काही नावे सारखी निघतील आणि त्यांना दोन पत्रे जातील. त्याने काही बिघडत नाही.

आता पाठवण्याची रीत. आपण साधे जीमेल वापरता असे गृहीत धरतो. त्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंतच पत्रे जाऊ शकतात. मर्यादा ओलांडली तर एक तासापासून चोवीस तासांपर्यंत पाठवणे बंद होते, म्हणजे त्या काळात फ्रेम तयार झाल्याचेही कळवता येत नाही. या मर्यादेच्या काठावर जाऊ नका. एरवी दिवसाला आठ-दहा पत्रे पाठवणारा पत्ता एका दुपारी चारशे पत्रे सोडू लागला, तर मेल सेवेला त्याचा संशय येणे स्वाभाविक आहे. आधी जिव्हाळ्याच्या शंभर-सव्वाशे जणांना हाताने लिहा, दिवसाला वीस-पंचवीस. त्यांतल्या काहींची उत्तरे येतील, आणि ज्या पत्त्याला माणसे उत्तरे देतात त्या पत्त्याची पत नंतरच्या पत्रांनाही उपयोगी पडते. त्यानंतर बाकीच्यांना रोज ऐंशी ते शंभर.

या दुसऱ्या खेपेला सर्वांचे पत्ते ‘बीसीसी’त, म्हणजे ज्या चौकटीतले पत्ते इतरांना दिसत नाहीत तिच्यात, टाकता येतात आणि त्यामुळे गेल्या वेळचा प्रकार टळतो, परंतु एका चौकटीऐवजी दुसऱ्या चौकटीत पत्ते पडले की पुन्हा तेच, आणि दिवाळीनंतरच्या गर्दीत दुकानातला मुलगा चुकणारच नाही याची खात्री मी देणार नाही. मेल मर्ज अधिक सुरक्षित आहे. एक्सेलची यादी, वर्डमधला मजकूर आणि संगणकावरचे आउटलुक यांच्या साहाय्याने प्रत्येकाला त्याच्या नावाचे स्वतंत्र पत्र जाते. कोणालाही दुसऱ्याचा पत्ता दिसण्याची शक्यताच राहत नाही. गुगलच्या काही सशुल्क खात्यांत ही सोय जीमेलमध्येच मिळते, फुकटच्या खात्यात नाही. गुगल शीट्सला जोडायची फुकट साधने अनेक आहेत, मात्र त्यांतली काही आपली संपूर्ण मेलपेटी वाचण्याची परवानगी मागतात. ती परवानगी देण्यापूर्वी विचार करा. सुरुवातीला स्वतःला, नवऱ्याला आणि चित्रकर्तीला अशी तीन पत्रे पाठवून नाव, जोडाक्षरे आणि लिंक नीट उमटतात का, हे मोबाइलवर पाहून घ्या.

एकगठ्ठा पत्रे पाठवून देणाऱ्या सेवा आहेत, त्यांतल्या काही थोड्या संख्येपर्यंत फुकट आहेत, आणि ‘नको’ म्हणणाऱ्यांची नोंद त्या आपोआप ठेवतात. परंतु त्या वापरताना ‘प्रेषक’ म्हणून आपला जीमेलचा पत्ता लावला तर घोटाळा होतो, कारण पत्र जीमेलच्या सर्व्हरवरून निघालेलेच नसते आणि तपासणीत ते बनावट ठरू शकते. या सेवांचा खरा उपयोग दुकानाच्या नावाचे स्वतःचे डोमेन (ईमेल पत्त्यातले @ नंतरचे नाव) घेतल्यावर होतो. तेव्हा डोमेनच्या नोंदींत तीन गोष्टी भरून घ्याव्या लागतात : एसपीएफ, म्हणजे आपल्या नावाने पत्र पाठवायची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे त्याची यादी, डीकेआयएम, म्हणजे पत्रावर लागणारी संगणकीय सही, आणि डीमार्क, म्हणजे ही तपासणी न जुळल्यास त्या पत्राचे काय करावे याची सूचना. डोमेन देणाऱ्याच्या माणसाला हे तीन शब्द सांगितले की तो करून देतो. मात्र नोव्हेंबरपूर्वी ही घाई करू नका. नव्या कोऱ्या डोमेनवरून एकदम शेकडो पत्रे गेली तर तीही संशयास्पदच दिसतात. पुढच्या वर्षासाठी आज डोमेन घेऊन ठेवा आणि रोजची पत्रे त्यावरून सुरू करा.

निमंत्रणाच्या रूपाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पुण्यातली बहुसंख्य निमंत्रणे येथेच फसतात. डिझायनरकडून कोरलड्रॉमध्ये सुबक पत्रिका करून घ्यायची, तिची जेपीजी काढायची आणि पत्रात दुसरा एक शब्दही न लिहिता तेवढीच डकवायची, ही सर्रास चाललेली पद्धत आहे. ज्याच्या मेलमध्ये चित्रे आपोआप उघडत नाहीत, त्याला तेथे फक्त एक रिकामी चौकट दिसते; ज्याला दिसते, त्याला पत्त्यावर बोट ठेवून नकाशा उघडता येत नाही; आणि निव्वळ चित्र असलेल्या पत्राकडे स्पॅमची चाळणीही वाकड्या नजरेने पाहते. अशा पत्रिकांमध्ये प्रमुख पाहुण्यांची नावे चित्रकारापेक्षा मोठ्या अक्षरांत असतात, हे जाता जाता सांगतो. मजकूर मजकुराच्याच रूपात लिहा आणि त्याखाली एकच चित्र लावा, सुमारे १,२०० पिक्सेल रुंद आणि दोन-तीनशे केबीच्या आतले. त्या चित्रासोबत ‘ओंकारेश्वराजवळचा वाडा, जलरंग’ असा पर्यायी मजकूरही भरा, म्हणजे चित्र न उघडणाऱ्यालाही काय आहे ते कळेल. चित्र कोणते घ्यायचे, हे चित्रकर्तीला ठरवू द्या आणि वापरण्याची परवानगी लेखी घ्या. चित्र आपल्या भिंतीवर लागले तरी त्याचा कॉपीराइट सामान्यतः त्यांचाच असतो.

मराठी मजकूर डिझायनरच्या फाइलमधून उचलू नका. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर ईमेलमध्ये चिकटवला की समोरच्याला इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. मोबाइलवरचा मराठी कळफलक त्यासाठी पुरेसा आहे. विषयाची ओळ लहान असावी, कारण मोबाइलवर तिचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात : ‘पेठांमधले वाडे, जलरंगात : २७ ते २९ नोव्हेंबर’. ‘सस्नेह निमंत्रण’ने सुरुवात केली तर तेवढेच दिसेल आणि कशाचे, ते दिसणार नाही.

बाणेर-औंधचा ग्राहक सदाशिव पेठेत गाडी आणायला कचरतो, याचा विचार पत्रातच करा. मंडई मेट्रो स्थानकापासून चालत किती मिनिटे, दुचाकी कोठे लावता येईल, चारचाकीसाठी जवळचा वाहनतळ कोणता, वरच्या मजल्यावर लिफ्ट आहे की जिना, हे दोन ओळींत लिहा. आपले ग्राहक सासऱ्यांच्या काळापासूनचे आहेत. जिन्याचा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांना असणार. किमतीही लपवू नका. ‘चित्रांच्या किमती अमुकपासून अमुकपर्यंत’ ही एक ओळ लिहिली, तर दहा हजारांची तयारी असलेला माणूस निर्धास्तपणे येतो. न लिहिल्यास, किंमत विचारण्याचा संकोच वाटून तो चित्राजवळ न थांबताच निघून जातो.

दिवसांचा हिशेब : वैयक्तिक पत्रे १० ते १४ नोव्हेंबर दरम्यान पाठवा. लक्ष्मीपूजन त्याआधी होऊन गेलेले असेल, पाडवा आणि भाऊबीज मात्र १० आणि ११ तारखेला आहेत. बाकीच्यांची पत्रे १६ ते २० च्या आठवड्यात. तुळशीची लग्ने लागली की लग्नसराई सुरू होते आणि शनिवार-रविवार माणसांचे आधीच बांधलेले असतात, म्हणून याहून उशीर नको. स्मरणपत्र फक्त वैयक्तिक गटाला आणि अभिप्रायवहीतल्यांना, २५ तारखेला, तीन ओळींचे. बिलबुकातल्या उरलेल्यांना दुसरे पत्र पाठवू नये. किती जणांनी पत्र उघडले, याचे जे आकडे या सेवा दाखवतात त्यांवर फार विसंबू नका. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून असलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न उघडलेले पत्रही उघडल्यासारखे मोजले जाते. आलेली उत्तरे आणि दारातून आत आलेली माणसे मोजा.

व्हॉट्सॲपचा प्रश्न राहिला. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावे बसतात आणि संदेश फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे. म्हणजे चौदाशेंसाठी ते साधन नव्हे. ज्यांच्याशी आपले एरवीही व्हॉट्सॲपवर बोलणे होते, अशांना प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळी एक संदेश आणि नकाशाची लिंक जरूर पाठवा. ग्राहकांचा न विचारता समूह मात्र करू नका; गेल्या वेळी ईमेलवर जे झाले तेच तेथे फोन नंबरांसकट होईल. मोठ्या संख्येने एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार आधी नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते. एका प्रदर्शनासाठी तो व्याप करू नये.

छापील पत्रिकेविषयी आपण विचारलेले नाही, तरी सासऱ्यांच्या काळातले जे ग्राहक ईमेल पाहतच नाहीत, त्यांच्यासाठी पन्नासेक पत्रिका छापून घ्या. पाकिटावरचा पत्ता हाताने लिहा आणि १२ नोव्हेंबरपर्यंत पोस्टात टाका.